कुब्जेला सरळ करण्याआधी

आपल्या कथाकीर्तनांत पाठीला कुबड असलेल्या दोन बायका ठळकपणे येतात आणि दोघीही दासी आहेत. एक अयोध्येची मंथरा, दुसरी मथुरेची कुब्जा. मंथरेने कैकेयीचे कान भरले आणि भरल्या घराचा विस्कोट केला. कुब्जेने कृष्णाला उटी दिली आणि देवाने तिला तिथल्या तिथे सरळ, सुंदर केले. कुबडाकडे बघण्याच्या आपल्या दोन्ही सवयी या दोघींवर पोसल्या आहेत. वाकलेल्या पाठीच्या माणसावर एक तर संशय घ्यायचा, नाही तर त्याच्या उद्धाराची वाट बघायची. पाठ वाकलेली आहे, तशीच राहणार आहे आणि तरीही माणूस आपल्या कामात, आपल्या मानाने जगतो आहे, ही तिसरी शक्यता आपल्या गोष्टींनी फारशी हाताळलेली नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या कुंभार संताच्या, गोरोबाकाकांच्या कथेत ती आहे. पण आपण ती कथा तिच्या शेवटासाठी ऐकतो, म्हणून मधला भाग कानाआड जातो. त्या मधल्या भागापर्यंत पोचायचे तर आधी कुबडाच्या जुन्या मुलखातून थोडे फिरावे लागेल.

वाल्मीकींची मंथरा नाटक-सिनेमातल्या मंथरेपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे. ती कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी. प्रासादावर चढून ती सजलेली अयोध्या बघते आणि रामाला यौवराज्याभिषेक होणार हे कळताच तिच्या पायाखालची वाळू सरकते. कैकेयी मात्र ही बातमी ऐकून आनंदाने तिला दागिना देते. मंथरा तो फेकून देते आणि सवतीचा मुलगा राजा झाल्यावर तुझे आणि भरताचे काय होईल, हे राजकारण तिला समजावून सांगते. पटल्यावर कैकेयी तिची जी स्तुती करते, ती फार चमत्कारिक आहे. बाकीच्या कुबड्या बायका बेढब असतात, तू मात्र वाऱ्याने वाकलेल्या कमळासारखी दिसतेस. रथाच्या चाकाच्या तुंब्याएवढे तुझे हे कुबड, त्यात तुझी बुद्धी, राजनीती आणि माया भरलेली आहे. भरत राजा झाला की या कुबडावर मी सोन्याची माळ घालीन, अशा आशयाचे ते बोलणे आहे. इथे कुबड ही अकलेची पेटी झाली आहे. पुढे सगळा डाव फिसकटतो आणि शत्रुघ्न त्याच मंथरेला जमिनीवरून फरफटत नेतो. भरत त्याला अडवतो. कुबडीला मारलेस हे रामाला कळले तर तो आपल्याशी बोलणारही नाही, असे सांगून अडवतो. वर मागितले राणीने, दिले राजाने, फरफटली गेली दासी. आणि पिढ्यानपिढ्या लोकांच्या मनात अपराधाची खूण म्हणून राहिले ते तिच्या पाठीचे कुबड.

भागवताच्या दशम स्कंधातली कुब्जा तीन ठिकाणी वाकलेली आहे, म्हणून तिचे नाव त्रिवक्रा. ती कंसाची सैरंध्री. अंगाला लावायची सुगंधी उटी तयार करणे हे तिचे काम आणि ते काम ती इतके चांगले करते की आपली उटी कंसाला फार आवडते, हे ती स्वतःच कृष्णाला सांगते. कृष्णाने मागितल्यावर राजाची ती उटी ती दोघा भावांना देऊन टाकते. मग कृष्ण आपल्या पायाने तिची पावले दाबून धरतो, दोन बोटे तिच्या हनुवटीखाली लावतो आणि तिला वर उचलून सरळ करतो. देव उद्धार करतो म्हणजे काय, हे सांगायचे झाले की संतांच्या वाणीत अजामेळ, गणिका यांच्याबरोबर कुब्जेचे नाव हटकून येते. भर रस्त्यात राजाच्या वाट्याची वस्तू परक्या पोरांना देण्याचे तिचे धाडस मात्र त्या यादीत हरवते. कंसाच्या मथुरेत ही गोष्ट जिवावर बेतणारी होती. तिने ती वाकलेल्या पाठीनेच केली होती. सरळ ती नंतर झाली.

जुन्या कथांमध्ये हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. रामायणाच्या बालकांडात कुशनाभ राजाच्या शंभर मुलींची गोष्ट आहे. वायूने त्यांना मागणी घातली. आमचा बाप आम्हाला देईल तिथे आम्ही जाऊ, असे म्हणून त्यांनी नकार दिला. चिडलेल्या वायूने त्यांच्या शरीरात शिरून त्यांना वाकवून टाकले. पुढे ब्रह्मदत्ताशी लग्न लागताना त्याचा हात लागताच त्या पुन्हा सरळ झाल्या. त्या नगराचे नाव कान्यकुब्ज पडले आणि तेच आजचे कनौज. नाही म्हणणाऱ्या मुलींना वाकवणारा एक पुरुष आणि हात धरून सरळ करणारा दुसरा पुरुष, अशी ही रचना आहे. महाभारतातला अष्टावक्र तर ज्ञानी. आईच्या पोटात असताना बापाच्या पठणातली चूक दाखवली म्हणून बापाच्या शापाने तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. जनकाच्या यज्ञात त्याने बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवले आणि बापाला सोडवून आणले. एवढे झाल्यावर तरी त्याला तसेच राहू द्यावे! पण नाही. बाप त्याला समंगा नदीत उतरायला लावतो आणि तो सरळ होऊन बाहेर येतो. कथाकाराला ज्ञान पुरेसे वाटले नाही, धड शरीरही हवेच होते.

कथेतून राजवाड्याच्या व्यवहारात आलो की चित्र बदलते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुब्ज, वामन, किरात, मुके, बहिरे, वेडसर आणि आंधळे यांची यादी हेरांच्या प्रकरणात येते. लोकांच्या घरात शिरून आतल्या बातम्या काढायच्या तर या सोंगातली माणसे वापरावीत, असा सल्ला आहे. त्यामागचे गणित सरळ आहे. कुबड्या माणसाकडे सगळे बघतात, पण त्याला माणसात धरत नाहीत, म्हणून त्याच्यासमोर कुणी बोलायचे थांबत नाही. राजा सकाळी उठून बाहेर येतो तेव्हा एका दालनात कुब्ज आणि वामन त्याच्या सेवेला हजर असावेत, असेही त्याच ग्रंथात आहे. वाल्मीकींची कैकेयीसुद्धा मंथरेला सांगते की दागिन्यांनी मढलेल्या इतर कुब्जा तुझे पाय चेपतील. म्हणजे राजवाड्यात कुबड्या दासींची रीतसर वर्गवारी होती. कुब्ज हा शब्द शरीराचे वर्णन होता, तसा तो एका नोकरीचाही शब्द होता. या नोकरीत विश्वास होता आणि अपमानही होता.

राजा स्वतःच कुबडा असेल तर? सातव्या शतकात महाराष्ट्रावर ज्या बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती, त्यांतल्या दुसऱ्या पुलकेशीचा धाकटा भाऊ इतिहासात कुब्ज विष्णुवर्धन या नावाने ओळखला जातो. साताऱ्याला सापडलेल्या ताम्रपटात तो युवराज म्हणून येतो. इ. स. 624 च्या सुमारास त्याने आंध्रात वेंगीला राज्य मांडले आणि त्याच्या वंशाने तिथे साडेचारशे वर्षे राज्य केले. विषमसिद्धी हे त्याचे बिरुद. अवघड जागा सर करणारा, असा त्याचा अर्थ. त्याच्या पाठीची गोष्ट कुणी लपवली नाही आणि तिच्यावर कुणी चमत्कारही रचला नाही. कुब्ज हे नावाला चिकटून राहिले आणि राज्यही राहिले.

खुद्द धाराशिवच्या परंपरेतही शरीराच्या व्याधीवरून पडलेले असे एक नाव आहे. शहराजवळच्या लेण्यांचा संबंध जैन परंपरेत करकंडू राजाशी जोडतात. अपभ्रंश भाषेतल्या मुनी कनकामराच्या 'करकंडचरिउ' या काव्यात हा राजा दक्षिणेच्या स्वारीवर तेरापुरला येतो, तिथली लेणी आणि पार्श्वनाथाची मूर्ती बघतो आणि आणखी लेणी खोदवतो. हिरालाल जैन यांनी 1934 मध्ये हे काव्य कारंजाच्या ग्रंथमालेत संपादित करून प्रसिद्ध केले आणि तेरापुरची लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, हे दाखवून दिले. करकंडू म्हणजे हाताला खरूज असलेला. स्मशानात जन्मलेल्या, हलक्या मानलेल्या घरात वाढलेल्या या मुलाला आजारावरून नाव पडले आणि राजा झाल्यावरही ते पुसले गेले नाही. व्याधीचे नाव घेऊन माणूस मोठा होऊ शकतो, याची आठवण या डोंगरात हजारभर वर्षे आहे.

यावर कुणी म्हणेल, मग अडचण काय? गावाकडे कुबड्या, लंगड्या, चकण्या अशी नावे पडतातच, त्याचे कुणाला फार वाईट वाटत नाही. मराठी आडनावांची यादी काढा: आंधळे, बहिरे, लंगडे, थोटे, कुबडे. शरद बोबडे तर भारताचे सरन्यायाधीश झाले आणि त्यांच्या आडनावावरून त्यांच्या वाणीची चौकशी कुणी केली नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. शब्द पुरेसा जुना झाला, घराण्याला चिकटला, की त्याची धार बोथट होते. पण कुब्ज विष्णुवर्धनाच्या हातात राज्य होते आणि बोबड्यांच्या मागे वकिलीची पिढीजात परंपरा. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला तोच शब्द पारावरून मारलेल्या हाकेसारखा लागतो. शाळेत पोक काढून बसणाऱ्या मुलीला, तिचा मणका खरोखरच वाकतो आहे हे कळायच्या आत, वर्गाने मंथरा करून टाकलेले असते. शब्दाची धार शब्दात कमी आणि तो कुठून कुणावर येतो यात जास्त असते.

साहित्याने शरीराला किती सहज कुबड चिकटवावे, याचा नमुना इंग्लंडात सापडला. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड रंगभूमीवर चारशे वर्षे कुबडा आणि म्हणून कपटी म्हणून वावरला. 2012 मध्ये लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा मिळाला. कणा बाजूला वळलेला होता, पण नाटकातले ते पाठीवरचे कुबड त्यात नव्हते. हरलेल्या राजाच्या पाठीवर जिंकलेल्यांच्या काळाने ते चढवले होते. व्हिक्टर ह्यूगोने 1831 मध्ये नोत्र दामच्या कादंबरीत कुबड्या घंटावाल्याला प्रेमळ काळीज दिले खरे, पण वरून कुरूप आणि आतून सुंदर हे समीकरणही शेवटी कुबडाचे भांडवल करूनच उभे राहते. साधा, थोडा चिडका, थोडा विनोदी, महिन्याअखेरीस पगाराची वाट बघणारा कुबडा माणूस तिथेही नाही.

प्रत्यक्षात कुबड येते कशाने? काहींना जन्मतः येते. बऱ्याच जणांना मणक्याच्या क्षयाने येते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने 1779 मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव वैद्यकात राहिले. क्षयाचे जंतू मणक्यात शिरले की मणका पुढच्या बाजूने झिजतो, ढासळतो आणि मागे टोक वर येते. वेळेवर निदान झाले आणि औषधांचा पूर्ण कोर्स घेतला, तर बहुतेकांच्या बाबतीत पाठ वाचते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. म्हणजे आज अनेक पाठींवर दिसणारे कुबड हे पूर्वजन्मीचे पाप नसून उशिरा झालेले निदान असते. म्हातारपणी हाडे ठिसूळ झाल्याने बायकांच्या पाठी वाकतात, ते वेगळे. आणि एक मोठा वर्ग असा की ज्यांची पाठ कामाने जाते.

धाराशिव जिल्ह्यात हा वर्ग शोधायला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या गावांतून टोळ्या कारखान्यांवर जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत हा कोयता हंगामभर फडात चालतो. ऊस कसा तोडायचा, याचा नियम आहे: बुडख्याशी, जमिनीलगत. कारण साखरेचा उतारा बुडख्याकडे जास्त असतो आणि वर ठेवलेले खोड म्हणजे शेतकऱ्याचे आणि कारखान्याचे नुकसान. म्हणून तोडणाऱ्याने प्रत्येक उसासाठी कमरेत पूर्ण वाकायचे. मग पाचट सोलायचे, शेंड्याचे वाढे काढायचे, मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढते. फळी पायाखाली लवते. वर गेल्यावर मान एका बाजूला झटकून मोळी टाकायची आणि उतरून पुन्हा खाली यायचे. सकाळी अंधारात गाडी भरायची असेल तर हेच अंधारात. हंगाम संपवून घरी आलेली बाई खुरपणीला जाते, म्हणजे पुन्हा खाली बसून वाकणे. चाळिशीत कंबर धरली, पन्नाशीत पाठ वाकली, याची नोंद कोणत्याही हजेरीत होत नाही. तेरपासून जवळच ढोकीला तेरणा कारखाना उभा राहिला तेव्हा या भागात साखरेचे दिवस आले. साखरेच्या हिशेबात जमिनीपासून चार बोटे उंचीला किंमत आहे. त्या चार बोटांसाठी वाकलेल्या कण्याला हिशेबात रकाना नाही.

हमालांनी निदान आपल्या पाठीचा हिशेब मागितला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत बांधली, 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला आणि क्विंटलचे पोते पन्नास किलोचे व्हावे म्हणून हमालांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. पन्नास किलो हा आकडा भुताखेताने दिलेला नाही. माणसाच्या मणक्याला काय झेपते, या प्रश्नातून तो आला. पाठीकडे बघण्याची ही रीत मला कुब्जेच्या कथेइतकीच मोलाची वाटते. वाकलेल्याला सरळ करण्याआधी तो वाकणार नाही असे पोते शिवायचे, ही ती रीत.

आपल्या बोलीतल्या नीतीचा कल मात्र ताठ पाठीकडे आहे. सरळ माणूस चांगला, वाकड्यात शिरणारा वाईट. कणा असलेला शूर, कणा नसलेला लाचार. कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता मराठी माणसाला तोंडपाठ आहे आणि तिच्यातला स्वाभिमान खराच आहे. पण रूपक सारखे वापरले की ते उलटे चालू लागते: ताठ कण्याचा तो स्वाभिमानी असेल तर वाकलेल्या कण्याचा कोण? आधाराच्या कुबडीचेही तसेच. एखाद्या सरकारला दुसऱ्या पक्षांचा पाठिंबा लागला की अग्रलेखात ते कुबड्यांवरचे सरकार होते आणि आम्हाला कुबड्या नकोत, ही राजकीय शौर्याची भाषा ठरते. सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी भाविक हात जोडून बघतात. तीत गुप्ती असल्याचे सांगतात, म्हणजे आधार आणि शस्त्र एकाच काठीत. संताच्या हातातली कुबडी वंदनीय, अपघातात पाय गेलेल्या माणसाच्या काखेतली कुबडी मात्र दुबळेपणाची शिवी! रोज सकाळी कुबड्या घेऊन कामावर निघणाऱ्याला त्या कुबड्या म्हणजे स्वातंत्र्य असते. त्या नसतील तर तो घरात बसेल. मदत घेऊन चालणे हे चालणेच आहे, एवढी साधी गोष्ट आपल्या राजकीय मराठीला अजून कळलेली नाही.

शब्दांची साफसफाई सरकारने आपल्या परीने केली. अपंग गेले, दिव्यांग आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीचे सात प्रकार वाढवून एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण ठेवले. 3 डिसेंबर 2022 पासून महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात असे जवळजवळ तीस लाख लोक नोंदले गेले होते. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांत अपंगत्वाची टिंगल होऊ नये म्हणून काही तत्त्वे घालून दिली. हिणवणारे शब्द टाळा आणि चित्रण करण्याआधी त्या माणसांशी बोला, असा त्यांचा रोख आहे. हे सगळे हवेच होते. पण दिव्यांग या शब्दाबद्दल अपंग चळवळीतल्या अनेकांनी नाराजी नोंदवली आहे आणि ती रास्त आहे. अंगात दिव्य काही नाही, रॅम्प पाहिजे, बस पाहिजे, नोकरी पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दिव्यांग हा शब्द कुब्जेच्याच गोष्टीची नवी आवृत्ती आहे. पूर्वी देव पाठ सरळ करायचा, आता शासन नाव सरळ करते. प्रमाणपत्रावर चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की सवलत सुरू होते. त्या टक्क्यांत शरीर किती मोडले हे लिहिलेले असते. ते कशाने मोडले आणि त्या माणसाला कोणते काम उत्तम येते, या दोन्ही गोष्टी टक्क्यांत येत नाहीत.

आता तेरला जाऊ. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणबरोबर या पेठेचे नाव आहे आणि गावच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या बाहुल्या, मणी, हस्तिदंताची मूर्ती बघायला मिळते. मातीशी इतका जुना संबंध असलेल्या या गावात तेरणेकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे. परंपरा त्यांचा काळ 1267 ते 1317 मानते. संतांच्या मेळ्यात ते वडीलधारे, म्हणून काका. आणि त्यांचा अधिकार आला तो कुंभारकामातून. मडके कच्चे की पक्के हे पाहायच्या थापटण्याने त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. संतपणाची परीक्षा घ्यायला इथे पोथी लागली नाही, कारागिराचे हत्यार पुरले.

गोरोबांची दुसरी गोष्ट अवघड आहे. भजनात रंगून चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचे मूल आले. बायकोने संतापून आकांत केला आणि पुढे विठ्ठलाची शपथ घालून मला शिवू नका म्हणाली. गोरोबांनी ती शपथ पाळली. वंश बुडेल म्हणून सासऱ्याने धाकटी मुलगीही त्यांना दिली, पण दोघींना सारखे वागवा, अशी अट घातली. मग गोरोबांनी दोघींनाही तीच शपथ लागू केली. एका रात्री झोपेत असताना बायकांनी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर, या हातांनी शपथ मोडली म्हणून गोरोबांनी हात तोडून टाकले. पुढे पंढरपूरला नामदेवांच्या कीर्तनात विठ्ठलनामाच्या गजरात त्यांना पुन्हा हात फुटले आणि मूलही परत मिळाले. कीर्तनकार इथे टाळ्यांचा गजर घेतो आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. या कथेतल्या शपथेवर, बायकांच्या वाट्यावर आणि मुलावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. इथे मला फक्त मधला काळ हवा आहे.

हात तुटले त्या दिवसापासून हात फुटले त्या दिवसापर्यंत तेरच्या त्या घरात काय चालले होते? कथा सांगते की चाक थांबले नाही. पंढरीचा विठोबा विठू कुंभार होऊन तेरला आला आणि त्याने गोरोबांच्या घरी मडकी घडवली. काही कीर्तनकार रुक्मिणीला त्याची कुंभारीण करतात आणि गरुडाला माती वाहणारे गाढव. देवाने आल्या आल्या हात लावून दिले नाहीत, हे इथे महत्त्वाचे आहे. त्याने बाही सरसावली, माती मळली, चाकाला दांडा लावला. थोट्या कुंभाराचे घर कुंभाराचेच घर राहिले. गोरोबांना मडकी पारखता येत होती, विठूला ती घडवावी लागत होती. देव इथे तारणारा कमी आणि गडी जास्त आहे. मंथरेच्या आणि कुब्जेच्या गोष्टीत जे नाही, ते तेरच्या गोष्टीत आहे: शरीर मोडलेले असताना चालू राहिलेले काम आणि त्याला लागलेला दुसऱ्याचा हात.

शेवटी हात परत येतात, मग तुमच्या तिसऱ्या शक्यतेचे काय, असा आक्षेप घेता येईल. आक्षेप बरोबर आहे. जुन्या भक्तकथेला चमत्काराशिवाय शेवट करता येत नव्हता. पण कथा आपण कुठे थांबून ऐकायची, हे आपल्या हातात असते. इंदिरा संतांनी ते करून दाखवले. त्यांच्या 'कुब्जा' या कवितेत गोकुळ झोपलेले आहे, राधाही झोपलेली आहे आणि पहाटेच्या वेळी मुरली ऐकणारी एकटी कुब्जा अर्ध्या पाण्यात उभी आहे. तिची पाठ वाकलेली की सरळ, याची विचारपूस कवितेत कुठेच नाही. ती मुरली आपल्यासाठीच वाजते आहे, एवढी तिची खात्री आहे. हजार वर्षे कुब्जेला कुणी ना कुणी सरळ करत होते. एका मराठी कवयित्रीने तिला आहे तशी ऐकू दिले.

साहित्यात हे जमले, व्यवहारात जमवायचे तर काही गोष्टी लगेच करता येण्याजोग्या आहेत. कीर्तनकाराने विठू कुंभाराच्या त्या दिवसांवर थोडा जास्त वेळ रेंगाळावे. संपादकाने सरकारच्या दुबळेपणासाठी कुबड्यांखेरीज दुसरा शब्द शोधावा. मराठी एवढी गरीब नाही. शिक्षकाने पोक काढून बसणाऱ्या मुलीला टोमणा मारण्याआधी तिला दवाखान्यात न्यायला सांगावे. टक्केवारी लिहिणाऱ्या व्यवस्थेने त्याच कागदावर कामाचा इतिहासही लिहावा, म्हणजे ऊसतोडीने आणि हमालीने किती मणके गेले हे निदान मोजता तरी येईल. ते मोजले गेले तर भरपाई कुणी द्यायची, मुकादमाने, कारखान्याने की सरकारने, हा आज हवेत राहणारा प्रश्न कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडेल. कुबडाला आपण शतकानुशतके दैव म्हटले ते सोयीचे होते म्हणून. दैवाला उचल फेडायला सांगता येत नाही. कारखान्याला, कंत्राटाला आणि कायद्याला मात्र सांगता येते.